सोलापूरच्या टाकसाळीतली मोहर

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजीच्या पितळी डब्यात एक जाड सोन्याचं नाणं सापडलं. सोनार म्हणाला, "मुघल मोहर आहे, औरंगजेबाची." ओळखीच्या एका फारसी जाणणाऱ्या गृहस्थांनी त्यावर 'जर्ब शोलापूर', म्हणजे सोलापूरला पाडलेलं, असं वाचलं, एका बाजूला १०९७ आणि दुसऱ्या बाजूला २९ हा आकडा. प्रश्नकर्त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: सोलापुरात मुघलांची टाकसाळ कशी? दक्षिण जिंकायला निघालेला बादशहा इथे सोन्याची नाणी का पाडत होता, फौजेचा पगार सोन्यात देत होता का? आणि नाणं खरं आहे का?

मी गेली पस्तीस वर्षं दख्खनच्या टाकसाळींची नाणी हाताळतो आहे. सुरुवात तुमच्या नाण्यावरच्या दोन आकड्यांपासूनच करतो, कारण बाकीची सगळी गोष्ट त्यांत आहे.

१०९७ हे हिजरी वर्ष. २९ हे जुलूस वर्ष, म्हणजे बादशहा गादीवर बसल्यापासूनचं वर्ष. औरंगजेबाच्या जुलुसाची मोजणी रमजान १०६८ पासून होते, त्यामुळे प्रत्येक जुलूस वर्ष दोन हिजरी वर्षांत विभागलं जातं. सोपा हिशोब असा: जुलुसाच्या आकड्यात १०६७ किंवा १०६८ मिळवा, येणाऱ्या दोन हिजरी वर्षांपैकी एक नाण्यावर असलंच पाहिजे. २९ साठी १०९६ किंवा १०९७. तुमच्याकडे १०९७ आहे, म्हणजे जोडी जुळते. आता आणखी बारीक बघू. हिजरी १०९७ सुरू झालं नोव्हेंबर १६८५ च्या अखेरीस. जुलूस २९ संपलं शाबान महिन्याच्या शेवटी, म्हणजे जुलै १६८६ मध्ये. तुमचं नाणं या आठ महिन्यांत पाडलेलं आहे.

आणि या आठ महिन्यांत सोलापुरात कोण होतं? खुद्द बादशहा. विजापूरचा वेढा एप्रिल १६८५ मध्ये सुरू झाला. औरंगजेबाची छावणी त्याच वर्षी मे महिन्यात अहमदनगरहून सोलापुरात आली, आणि वेढा रेंगाळतोय हे पाहून तो जून १६८६ मध्ये स्वतः विजापूरकडे निघाला. सोलापूरचा किल्ला तर १६६८ च्या तहातच आदिलशाहीकडून मुघलांकडे गेला होता. तेव्हा जवळजवळ वर्षभर साम्राज्याची राजधानी, दफ्तर, खजिना, बाजार, सगळं सोलापूरच्या मैदानावर तंबूंत होतं. अशा ठिकाणी टाकसाळ चालणं यात नवल काहीच नाही. नाणं पाडण्यासाठी लागतं काय? भट्टी, ऐरण, हातोडा, ठसे कोरणारा, कस बघणारा सराफ आणि वर एक दारोगा. माणसं आणि सोनं असेल तिथे टाकसाळ उभी राहते.

इथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. फारसी शून्य म्हणजे नुसता ठिपका. घासलेल्या नाण्यावर तो ठिपका गेला की ३० चा ३ होतो. सोलापूरचं नाणं आणि जुलूस ३ असं कोणी सांगितलं तर मान्य करू नका. १६६० च्या सुमारास सोलापूर विजापूरकरांकडे होतं. नकाशा आणि तारीख एकमेकांना तपासतात, हे या विषयातलं मोठं सुख आहे.

आता मूळ प्रश्न, सोनं का.

अबुल फज़लने 'आईन-ए-अकबरी'त टाकसाळींची यादी दिली आहे. त्या वेळी सोन्याचं नाणं फक्त चार ठिकाणी पडत होतं: राजधानी, बंगाल, अहमदाबाद आणि काबूल. चांदी आणि तांबं आणखी दहा ठिकाणी, नुसतं तांबं अठ्ठावीस गावांत. सोन्याच्या चारही जागांत नर्मदेच्या दक्षिणेला एकही नाही. ही यादी मनात ठेवा आणि औरंगजेबाच्या काळाकडे या: औरंगाबाद, बुऱ्हाणपूर, सोलापूर, विजापूर, हैदराबाद, गोवळकोंडा. शंभरेक वर्षांत सोन्याचा ठसा नर्मदा ओलांडून कृष्णेपलीकडे पोहोचला. तुमची मोहर याच वाटेवरची एक पायरी आहे.

पहिली पायरी अकबराचीच. सातपुड्याच्या खिंडीवरचा असीरगड त्याने जानेवारी १६०१ मध्ये घेतला. दख्खनचा दरवाजाच तो. त्या विजयासाठी अकबराने असीर टाकसाळीच्या नावाने एक सोन्याची मोहर पाडवली, तिच्यावर बहिरी ससाणा आहे. मागच्या बाजूला 'अल्लाहु अकबर', 'जर्ब असीर' आणि इलाही, म्हणजे अकबराच्या स्वतःच्या कालगणनेतल्या, ४५ व्या वर्षाचा इस्फंदारमुज महिना. असीरमध्ये कोणी बाजारहाट करायला सोनं मागत नव्हतं. ही मोहर वापरण्यासाठी नव्हतीच. दरवाजा उघडला, हे सांगण्यासाठी होती.

मोहरेचं काम असं होतं. तिचं वजन सुमारे ११ ग्रॅम, तोळ्याला थोडं कमी. अकबराच्या काळी तिचा भाव ९ रुपये होता, शाहजहानच्या काळात १४ रुपयांच्या आसपास गेला. एवढं मोठं नाणं घेऊन कोणी धान्य घ्यायला जात नाही. मोहर बादशहापुढे नजर, म्हणजे नजराणा, म्हणून ठेवली जायची, इनामात मिळायची, खजिन्यात साठायची, सावकाराच्या आणि सरदाराच्या घरात पुरली जायची. पगार रुपयांत व्हायचे. मोठ्या मनसबदारांना तर जहागिरीचा महसूलच मिळायचा. पुढे दख्खनच्या मोहिमेचा खर्च भागेना तेव्हा बंगालचा दिवाण मुर्शिद कुलीखान दरवर्षी कोटीच्या घरात रकमा दक्षिणेत पाठवत होता, त्याही रुपयांत. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, सोलापूरच्या छावणीत शिपाई मोहरा मोजून घेत नव्हता.

पण म्हणून दक्षिणेत सोन्याचा व्यवहार नव्हता असं समजू नका. उलट आहे, आणि इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण हा भाग बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उडवला जातो.

उत्तर हिंदुस्थानचं रोजचं पैशाचं जग चांदीचं होतं. दक्षिणेचं सोन्याचं. विजयनगरच्या वराह या सोन्याच्या नाण्यापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून, कृष्णा-तुंगभद्रेच्या खाली महसुलाचा हिशोब होनात व्हायचा. होन म्हणजे सुमारे ३.४ ग्रॅम, साडेतीन मासे. त्याखाली फनम, डाळीच्या दाण्याएवढं, ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. शेतकऱ्याचा सारा, देवळाचं दान, हिऱ्यांच्या खाणीचा मक्ता, परदेशी व्यापाऱ्याचा कापडाचा बयाणा, सगळं होनात. मोहरेचं वजन होनाच्या कुठल्याही पूर्ण पटीत बसत नाही, सव्वातीनच्या आसपास येतं. एकाचा हिशोब दुसऱ्यात घालायला सराफच लागायचा, आणि सराफ बट्टा, म्हणजे बदलून देण्याची आपली कपात, घेतल्याशिवाय हात लावत नसे.

या दोन जगांची टक्कर लढाईपर्यंत कशी गेली ते पाहा. १६३६ मध्ये शाहजहानच्या दबावाखाली गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहाने दरवर्षी २ लाख होन खंडणी कबूल केली. त्या वेळी एका होनाला ४ रुपये. म्हणजे ८ लाख रुपये, आणि गोवळकोंडा तेवढे भरत राहिला. पण होनाचा भाव चढला. आधी साडेचार, १६५४ पर्यंत ५ रुपये. गोवळकोंडा मात्र जुन्याच भावाने ८ लाख पाठवत होता. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार होऊन औरंगाबादेत आला होता. त्याने हिशोब काढला: तह होनांचा होता, रुपयांचा नव्हता, तेव्हा गेल्या सगळ्या वर्षांच्या भावातल्या फरकाचे २० लाख रुपये बाकी आहेत, भरा.

ही मागणी, गोवळकोंड्याचा वजीर मीर जुमला याच्या कुटुंबाच्या अटकेचं प्रकरण आणि खुद्द औरंगजेबाची इच्छा, हे सगळं एकत्र येऊन जानेवारी १६५६ मध्ये मुघल फौजेने हैदराबाद लुटलं आणि गोवळकोंड्याला वेढा घातला. दिल्लीच्या हुकमाने तो मार्चअखेरीस उठला. विनिमयाचा भाव हे युद्धाचं एकमेव कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण सराफाच्या वहीतली एक रुपयाची तफावत सैन्याच्या डेऱ्यापर्यंत पोहोचली, आणि औरंगजेबाला दक्षिणेचं सोनं किती नीट कळत होतं हेही त्यातून दिसतं. त्यानंतर तीस वर्षांनी तो परत आला तेव्हा त्याला खंडणी नको होती, टाकसाळच हवी होती.

विजापूर १२ सप्टेंबर १६८६ ला पडलं. तुमच्या नाण्यानंतर अवघ्या काही महिन्यांत. शहराला 'दार-उज-जफर' हे नाव दिलं गेलं, विजयाचं घर, आणि त्या नावाने तिथे मोहरा आणि रुपये पडू लागले. विजापूरला गेलात तर मुलुखमैदान तोफेवर औरंगजेबाने कोरवलेला लेख जरूर पाहा. त्यात जुलूस ३० आणि हिजरी १०९७ ही जोडी आहे. वर सांगितलेला हिशोब लावा: ३० अधिक १०६७. तोफेवरचा कोरणारा आणि टाकसाळीतला ठसे कोरणारा एकच कालगणना वापरत होते. मी पहिल्यांदा ते आकडे बोटाने चाचपले तेव्हा खिशातल्या वहीत विजापूरच्या नाण्याची नोंद होती, तीच जोडी. त्या दिवसापासून ही नाणी मला वेगळीच वाटू लागली.

गोवळकोंडा आठ महिने झुंजला. सप्टेंबर १६८७ मध्ये आतल्याच एका सरदाराने फितुरीने दार उघडलं. तिथे मिळालेल्या रोख खजिन्याचा आकडा त्या काळच्या हिशोबांत सहा-सात कोटी रुपयांच्या घरात जातो, जवाहीर वेगळं, आणि त्यात होनांचा वाटा मोठा होता. हैदराबादचं नाणं 'दार-उल-जिहाद', धर्मयुद्धाचं घर, हे बिरुद घेऊन बाहेर पडलं. दोन्ही राज्यं मुसलमान सुलतानांची होती आणि त्यांच्यावरच्या चढाईला दरबारच्या काजीनेच संमती नाकारून पद सोडलं होतं. त्यानंतर टाकसाळीला निवडलेलं हे बिरुद मला त्या आक्षेपाला दिलेल्या उत्तरासारखं वाटतं. माझं मत आहे, तसंच घ्या.

पुढची नावंही नाण्यांवर येत गेली: गुलबर्ग्याचं अहसनाबाद, अदवानीचं (आजच्या आंध्रातलं अदोनी) इम्तियाजगड, आणि १६९८ मध्ये राजाराम महाराज निसटल्यावर झुल्फिकारखानाच्या हाती आलेल्या जिंजीचं नुसरतगड, तेही त्याच्या 'नुसरतजंग' या किताबावरून. मद्रासला इंग्रजांच्या कंपनीने १६९२ मध्ये परवानगी मिळवून औरंगजेबाच्या नावाचे रुपये पाडायला घेतले, 'चिनापट्टण' या नावाने. नाणी नकाशावर मांडली तर बादशहाच्या मुक्कामांची रोजनिशी तयार होते. मात्र सह्याद्रीत ती रोजनिशी अडखळते. सातारा १७०० मध्ये घेतला, आजमतारा नाव ठेवलं, तोरण्याला, सिंहगडाला नवी नावं दिली, पण किल्ले परत मराठ्यांकडे जात राहिले. नाव बदलायला एक दिवस पुरतो. टाकसाळ चालायला बाजार लागतो आणि बाजाराला खात्री लागते की उद्याही हाच मालक असेल.

मराठ्यांनी सोन्याचं नाणं कोणतं निवडलं होतं तेही लक्षात घ्या. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी मोहर पाडली नाही, होन पाडला. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति', देवनागरीत, पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. मुलूख दक्षिणेचा, तर नाणंही दक्षिणेच्या मापाचं. हा निर्णय पैशाची नाडी ओळखणाऱ्या माणसाचा आहे.

मुघलांनाही अखेर तिथेच यावं लागलं. अदवानीच्या टाकसाळीत, इम्तियाजगड नावाने, फर्रुखसियर आणि मुहम्मदशहा यांच्या नावांचे होन पडले. फारसी अक्षरं, दिल्लीच्या बादशहाचं नाव, आणि वजन विजयनगरच्या वराहाचं! हे होन हातात घेतले की बटणासारखे लागतात, जाड आणि लहान, त्यांच्यावर लेखाची दोन-चार अक्षरं कशीबशी मावतात. बादशहाच्या किताबांसाठी त्या मापाच्या नाण्यावर जागाच नव्हती. मद्रास इलाख्यात तर होनाचा हिशोब १८१८ मध्ये कंपनीने रुपया प्रमाण करेपर्यंत चालला.

औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरला वारला आणि त्याच्या धाकट्या मुलाने, कामबक्षने, विजापूर-हैदराबादेत आपल्या नावाची नाणी पाडली. त्यावरचा फारसी शेर असा: "दर दकन जद सिक्का बर खुर्शीद ओ माह, पादशाह कामबख्श दीनपनाह." दख्खनमध्ये सूर्य आणि चंद्रावर, म्हणजे सोन्या-चांदीवर, ठसा मारला, धर्मरक्षक बादशहा कामबक्षने. बापाच्या नाण्यावर 'जहाँ', म्हणजे सारं जग होतं. मुलाच्या नाण्यावर फक्त 'दकन' उरलं. दोन वर्षंसुद्धा धड मिळाली नाहीत. जानेवारी १७०९ मध्ये हैदराबादजवळच्या लढाईत जखमी होऊन तो गेला. त्याची मोहर मी आयुष्यात दोनदाच हातात घेतली आहे.

आता तुमचं नाणं खरं का खोटं. फोटोवरून कोणीही छातीठोक सांगू नये, मीही सांगत नाही. पण घरबसल्या करण्यासारखं बरंच आहे.

आधी लेख वाचा. तारखेच्या बाजूला औरंगजेबाचा शेर असतो: "सिक्का जद दर जहाँ चु मेहर-ए-मुनीर, शाह औरंगजेब आलमगीर." तेजस्वी सूर्यासारखा सिक्का जगात मारला. रुपयावर हाच शेर असतो, पण तिथे 'मेहर' ऐवजी 'बद्र' येतो, पौर्णिमेचा चंद्र. सोन्याला सूर्य, चांदीला चंद्र. सोन्याच्या रंगाच्या नाण्यावर मला 'बद्र' दिसला तर मी तिथेच थांबतो, कारण रुपयावर मुलामा देऊन किंवा रुपयाचा साचा काढून मोहरा बनवणारे लोक आहेत आणि बहुतेकांना फारसी येत नाही. मागच्या बाजूला 'सनह जुलूस मैमनत मानूस' आणि टाकसाळीचं नाव. कलमा नसेल, औरंगजेबाने पवित्र शब्द कोणाच्याही हातापायाखाली येऊ नयेत म्हणून तो नाण्यांवरून काढला होता. अक्षरं कडेला कापलेली दिसली तर घाबरू नका. ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे लेखाचा काही भाग बाहेरच राहायचा. उलट संपूर्ण लेख, चारी बाजूंनी नेटका, मधोमध बसलेला दिसला तर मी जास्त बारकाईने बघतो.

मग वजन. सोनाराच्या चांगल्या काट्यावर १०.९ ते ११ ग्रॅम यायला हवं. थोडं कमी भरलं तर कडेला कडी लावल्याची किंवा झिजल्याची खूण शोधा. त्यानंतर पाण्यातली परीक्षा: नाणं बारीक दोऱ्याला बांधून, भांड्याला न टेकवता, पाण्यात लटकवून वजन घ्या. मोहरेचं सोनं जवळजवळ शुद्ध असतं, तेव्हा पाण्यात वजन साधारण ०.५७ ग्रॅमने घटेल. आजच्या बावीस कॅरेट सोन्यात केलेली नक्कल असेल तर घट ०.६२ च्या आसपास जाते. फरक लहान आहे, पण काटा चांगला असेल तर कळतो. कसोटीवर घासू देऊ नका. तो ओरखडा कायमचा राहतो आणि नाण्याची किंमत तेवढ्यानेच उतरते. चिंच, लिंबू, ब्रासो, काहीही लावू नका.

कायद्याचं एक सांगतो. नाणं घरच्या डब्यात वारशाने आलं असेल तर ते तुमचं आहे, पण शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू असल्याने ते परदेशी पाठवता येत नाही. हेच नाणं जमिनीत किंवा वाड्याचा पाया खणताना सापडलं असतं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक होतं.

आणि मनापासून विनंती, वितळवू नका. एका कुटुंबाने लग्नाच्या पाटल्यांसाठी तीन मोहरा आटवल्यानंतर मला त्यांचे कागदावर पेन्सिलने काढलेले ठसे दाखवले होते. त्यातल्या एकीवर 'अहसनाबाद' स्पष्ट वाचता येत होतं. तो कागद अजून माझ्याकडे आहे, मोहर कुठेच नाही.

शेवटची एक गोष्ट, आणि ती आजच करा. आजीचा डबा परत उघडा. मोहर लगेच नजरेत भरते म्हणून ती जपली गेली. पण त्या घराण्यात सोनं खरोखर फिरत असेल तर ते होनांच्या रूपात. शेंगदाण्याच्या दाण्याएवढं जाड, वाटोळं, सोन्याचं बटण वाटेल असं काही मिळतंय का पाहा, पोतीच्या मण्यांत, कापसात, डब्याच्या खालच्या कागदात. लोक त्याला तुटलेला मणी समजून बाजूला टाकतात. साडेतीन मासे वजन भरलं तर त्याचाही दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि मोहरेच्या शेजारी ठेवा.